तिजोरीची दुसरी किल्ली

जुलै २०२५ च्या उत्तरार्धात, अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने, मुंबईतील दोन न्यायालयांनी दोन निकाल दिले. २१ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांपैकी पाच जणांना २०१५ साली फाशीची शिक्षा झाली होती, आणि एक जण निकाल ऐकायला जिवंत राहिला नव्हता. ३१ जुलै रोजी विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातील सातही आरोपींची मुक्तता केली. पहिल्या घटनेत १८० हून अधिक माणसे गेली, दुसऱ्या घटनेत सहा.

या निकालांवर घराघरांत आणि वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली, तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. पहिल्या निकालाने ज्यांचा संताप झाला, त्यांच्यापैकी पुष्कळांना दुसऱ्या निकालाने समाधान वाटले. पहिल्या निकालाने ज्यांना हायसे वाटले, त्यांच्यापैकी अनेकांना दुसरा निकाल पटला नाही. न्यायालयांनी मात्र दोन्हीकडे एकच गज वापरला होता. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे, हा तो गज. कापड आवडीचे असले की गज बरोबर आणि नावडीचे असले की गज खोटा, असे आपले चालले होते.

अशा निकालानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या बाकावर मी तो अनेकदा ऐकला आहे. “असल्या माणसांची वकिली करायला माणसे मिळतात तरी कशी?” विचारणारा सज्जन असतो. त्याला रात्री झोप लागते आणि त्याच्या घरी कधी पोलीस आलेले नसतात. प्रश्नामागचा राग खरा असतो, म्हणून तो झटकून टाकू नये. त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

मी वकील नाही. माझी बत्तीस वर्षे बँकेत गेली, आणि उत्तर सुचले तेही बँकेतलेच. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. कॅशियर कितीही प्रामाणिक असो, वीस वर्षांत त्याच्या रोखीत एका रुपयाचा फरक पडलेला नसो, त्याला एकट्याला ती उघडता येत नाही. यात आपला अपमान झाला असे मानणारा कॅशियर मी पाहिला नाही. कारण ती व्यवस्था त्याच्यावरच्या अविश्वासातून आलेली नसते. आत जे आहे ते फार मोलाचे आहे, एवढेच तिचे म्हणणे.

माणसाला तुरुंगात घालण्याची किंवा फासावर चढविण्याची सरकारची सत्ता ही अशीच एक तिजोरी आहे. पहिली किल्ली पोलीस आणि सरकारी वकील यांच्याकडे असते. दुसरी बचावाच्या वकिलाकडे. दोन्ही लागल्या तरच न्यायाधीशाने ती उघडायची. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क दिला. ज्याला वकील परवडत नाही त्याला तो सरकारने द्यावा, हे तत्त्व १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ या अनुच्छेदात आले, आणि १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, हॉस्कोट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे मांडले. वकिलांच्या आचारसंहितेतही आरोपीच्या दोषाविषयी वकिलाचे खासगी मत काहीही असले तरी त्याने बचाव करावा असे म्हटले आहे. त्याची निष्ठा कायद्याशी, आणि पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये असे कायद्याचे मागणे. म्हणजे ‘गुन्हेगार आहे हे ठाऊक असूनही’ या शब्दांना तिथे अर्थ नाही. ठाऊक कोणालाच नसते. ते ठरविण्यासाठीच तर खटला.

आता हे काम प्रत्यक्षात होते कसे? चित्रपटांनी आपली पुरती दिशाभूल केली आहे. पडद्यावरचा वकील टेबलावर मूठ आपटतो, शेवटच्या क्षणी दार उघडून साक्षीदार आणतो. सत्र न्यायालयातला खरा फौजदारी वकील हा मुख्यतः कागद वाचणारा माणूस असतो. आरोपपत्राचे शे-दोनशे कागद तो पुनःपुन्हा वाचतो. फिर्याद किती वाजता नोंदली? घटना किती वाजता घडली? मधल्या चार तासांत फिर्यादी कोणाकोणाला भेटला? पंचनाम्यावरचे पंच कोण, आणि हेच पंच त्याच पोलीस ठाण्याच्या आणखी किती पंचनाम्यांवर आहेत? जप्त केलेला मुद्देमाल लाखेने सीलबंद केला होता का, तो प्रयोगशाळेत किती दिवसांनी गेला, आणि तोवर कोणाच्या ताब्यात होता? अटक कागदावर केव्हा दाखविली आणि माणूस घरातून केव्हा नेला? आम्ही बँकेत व्हाउचर तपासत होतो ते साधारण असेच. रक्कम, तारीख, सही, शिक्का आणि मागची नोंद. लबाडी असो वा गफलत, ती बहुधा अशा कंटाळवाण्या जागीच लपलेली असते.

मग येते उलटतपासणी. साक्षीदाराने पोलिसांना दिलेला जबाब आणि कोर्टात दिलेली साक्ष यांतले अंतर दाखविणे हा तिचा गाभा. पोलीस जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीदार कोर्टात प्रथमच सांगतो आणि वकील त्याला विचारतो, “हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते?” त्यावर आपल्या न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या एक ठरलेले उत्तर ऐकू येते, “सांगितले होते. त्यांनी का लिहिले नाही, ते सांगता येणार नाही.” जाणता वकील इथे थांबतो. कच्चा वकील “का लिहिले नसेल?” असे विचारतो आणि स्वतःच उघडलेले दार साक्षीदाराकडून बंद करून घेतो. काय विचारायचे यापेक्षा कुठे थांबायचे हे कळायला अधिक वर्षे लागतात, असे या व्यवसायातली जुनी माणसे सांगतात.

मला स्वतःला एकदा सरकारी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते. एका ग्रामीण शाखेत पैसे काढण्याच्या स्लिपवर खातेदाराची खोटी सही झाल्याचा खटला होता आणि आरोपी होता शाखेतला शिपाई. मी त्या शाखेत नंतर बदलून आलो होतो. बँकेच्या वतीने लेजर आणि स्लिप हजर करणे एवढेच माझे काम. सरतपासणी पाऊण तास चालली. उलटतपासणीला एक वयस्क, थोडे वाकलेले तालुक्याचे वकील उठले. त्यांनी चार प्रश्न विचारले. त्या दिवशी तुम्ही शाखेत होता का? नाही. आरोपीला सही करताना तुम्ही पाहिले का? नाही. त्या दिवशीच्या हजेरीपटावर किती नावे आहेत? तीन. तिघांच्याही हस्ताक्षराचे नमुने तपासायला पाठविले होते का? माझ्यासमोरच्या कागदांप्रमाणे एकट्या शिपायाचेच. “आभारी आहे,” म्हणून ते खाली बसले.

निकाल लागायच्या आत माझी पुन्हा बदली झाली. परंतु त्या चार प्रश्नांनी काय केले ते मला तिथेच समजले. शिपाई निर्दोष आहे असे त्यांनी सिद्ध केले नाही. आम्ही कोणीच त्याच्याशिवाय दुसऱ्याकडे पाहिले नव्हते, एवढेच त्यांनी दाखविले. तिघांपैकी पगाराने सर्वांत लहान माणूस कोण, हे ध्यानात घेतले की पाहिले का नव्हते तेही उमगते.

ही गोष्ट एका स्लिपेपुरती राहिली तर ठीक. ती फाशीपर्यंत पोचते तेव्हा काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर रात्री भीषण हल्ला झाला. पाच जीव गेले, बायकामुलींवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन न्यायालये झाली. बाहेरून पाहणाऱ्याला शंकेला जागा उरली नव्हती. पुढे प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. बचावलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांची छायाचित्रे ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन निघाला. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि खऱ्या गुन्हेगारांचा तपास करण्याचा आदेश दिला.

हा शेवटचा आदेश पुन्हा एकदा वाचावा. सोळा वर्षांनंतर तपास! आपण समजतो की बचावाचा वकील आरोपीच्या बाजूचा, म्हणजे पीडितांच्या विरुद्धचा. परंतु त्या अल्बमचा प्रश्न नाशिकच्या सत्र न्यायालयातच निकराने लावून धरला गेला असता, तर सर्वांत मोठा लाभ कोणाचा झाला असता? सहा निरपराधांचा झाला असताच. पण त्या उद्ध्वस्त घरातल्या, डोळ्यांदेखत सर्वस्व गमावलेल्या स्त्रीचाही झाला असता. चुकीचा माणूस आत गेला की बरोबर माणूस बाहेर राहतो, हे गणित पहिलीतल्या मुलालाही समजते. पीडिताला न्याय हवा असतो. कोणीतरी तुरुंगात हवा, असे नसते.

लोकलगाड्यांच्या खटल्यातही हेच दुखणे आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येऊ नये, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आपल्याकडे आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. मोक्का कायद्याने त्याला अपवाद केला. या खटल्यातले कबुलीजबाब त्या अपवादाखाली नोंदलेले होते. त्यांतले परस्परसाम्य आणि छळाचे आरोप पाहता उच्च न्यायालयाला ते विश्वासार्ह वाटले नाहीत. टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखले, पण त्याआधी ते शंभरहून अधिक दिवस गप्प होते. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तशी परेड घेण्याचा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायला सांगितले नाही. यातल्या बहुतेक उणिवा काही २०२५ साली निर्माण झालेल्या नव्हत्या, त्या पहिल्यापासून कागदावरच होत्या. दुसरी किल्ली लागायला एकोणीस वर्षे लागली आणि या काळात ज्यांचे आप्त गेले त्या कुटुंबांच्या हाती काहीच आले नाही. त्यांच्या संतापाचा रोख सुटका करणाऱ्या न्यायाधीशांवर किंवा सुटका मागणाऱ्या वकिलांवर असावा, हे मला समजू शकते, पण पटत नाही.

कसाबच्या खटल्याची आठवण इथे अपरिहार्य आहे. त्याचे वकीलपत्र घेऊ नये असा ठराव मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने केला. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकीलबाईंच्या घरावर जमाव चालून गेला. अखेर खटला रीतसर चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याला वकील मिळाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. जगापुढे आपली मान त्यामुळे उंचावली. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र कसाबने मागितलेली बिर्याणी. ती कथा आपणच रचली होती, असे खुद्द सरकारी वकिलांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितले, तरी ती जात नाही.

आणि जे लक्षात राहायला हवे ते कोणाला आठवत नाही. त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्ध मोठा पुरावा म्हणजे मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडलेला म्हणून दाखविलेला हाताने काढलेला नकाशा. तो दहशतवादी रक्ताने माखला होता आणि नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने दोघांना सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. फहीमचे वकील शाहीद आझमी हा निकाल ऐकायला नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयातच गोळ्या घालून त्यांचा खून झाला होता. ज्या न्यायाधीशाने कसाबला फाशी दिली, त्याच न्यायाधीशाने त्याच निकालपत्रात या दोघांना सोडले. फाशीवर आपला विश्वास बसावा असे वाटत असेल, तर सुटकेवरही तो बसायला हवा. सही एकाच हाताची आहे. त्याच वर्षी, डिसेंबर २०१० मध्ये, अमुक आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही अधूनमधून एखाद्या गावात असा ठराव होतोच, आणि त्याला टाळ्याही पडतात.

या व्यवसायाची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. उलटतपासणीचे शस्त्र निर्दयपणेही चालते. गडचिरोली जिल्ह्याच्या देसाईगंजमध्ये १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, मथुरा खटल्यात, तिच्या चारित्र्याचीच चर्चा झाली आणि १९७८ साली आरोपी सुटले. त्यावरच्या देशव्यापी चळवळीतून १९८३ साली कायदा बदलला. पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची कायद्यातली सोय २००३ साली रद्द झाली. हे योग्यच झाले. बचाव म्हणजे पुराव्याची परीक्षा, बाईची नव्हे. १९७३ साली महाराष्ट्रातीलच बोबडे खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले होते की संशयाच्या फायद्याचा अतिरेक झाला तर समाजाचा कायद्यावरचा विश्वास उडेल. खोटा साक्षीदार उभा करणे, साक्षीदार फितविणे, तारखांवर तारखा घेऊन फिर्यादीला दमविणे ही कला नव्हे. ती बनावट किल्ली आहे, आणि ती बनविणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी.

परंतु रोजचा प्रश्न या बनावट किल्लीचा नाही. दुसरी किल्ली जागेवरच नसते, हा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. यांतल्या फार थोड्यांची नावे वर्तमानपत्रात येतात. मोटारसायकलच्या चोरीत धरलेला मुलगा, पारधी वस्तीवरचा कोणी, जामिनाची रक्कम भरता न आलेला बिगारी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत तुरुंगात गेली की जामिनावर सोडण्याची तरतूद केली आहे. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे तीतून वगळले आहेत. पण तरतूद आपण होऊन चालत जात नाही. कोणीतरी तारखा मोजून अर्ज लिहावा लागतो.

अशा माणसांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना सुरू केली. आपल्याकडे तिला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. पूर्वी मोफत वकील म्हणजे यादीतला एखादा नवखा, तुटपुंज्या मानधनात तारखेला उभा राहणारा, अशी स्थिती होती. पूर्णवेळ, पगारी आणि केवळ बचावाचेच काम करणारा वकील ही कल्पना तिच्याहून खूप चांगली आहे. मात्र ती टिकायची तर हुशार मुलामुलींना त्या खुर्चीत बसावेसे वाटले पाहिजे, त्यांना सरकारी वकिलाइतका मान आणि स्थैर्य मिळाले पाहिजे. पुरावाही आता बदलला आहे. मोबाइलचे तपशील, कॅमेऱ्याचे चित्रण, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश. अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागतेच, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक खटल्यात पक्के केले. पोलिसांकडे प्रयोगशाळा आहेत. कच्च्या कैद्याच्या वकिलाला तो पुरावा वाचायला शिकविणार कोण, याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे.

आपण वाचकांनी काय करायचे? एक साधी गोष्ट जमण्यासारखी आहे. ‘पुराव्याअभावी सुटला’ हे शब्द आपण ‘चोर होता पण निसटला’ अशा सुरात म्हणतो. पुरावा नसताना माणूस सुटला, तर यंत्रणेने आपले काम केले. पुरावा का नव्हता, हा पुढचा प्रश्न, आणि तो तपास करणाऱ्यांना विचारायचा. नात्यातली एखादी मुलगी कायद्याची पदवी घेऊन फौजदारी कोर्टात जाते म्हणाली, तर “चोराचिलटांची वकिली कशाला?” असे तिला म्हणू नये. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले, ते अनुभवाचे बोल आहेत. पण कोणी आपल्याला ओढत त्या पायरीवर नेऊन उभे केले तर? त्या दिवशी आपल्या बाजूने कागद नीट वाचलेला एक माणूस तिथे असावा, असे प्रत्येकाला वाटेल. तो त्या दिवशी असायचा, तर आज दुसऱ्या कोणासाठी, कदाचित आपल्याला मुळीच न आवडणाऱ्या कोणासाठी, त्याला तिथे उभे राहू द्यावे लागेल.